थंडीत समुद्रावर गरवायला जायचे आहे: कोल्हापूरहून कोणता किनारा, कोणती वेळ?

रंकाळाकाठ (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. पंचगंगेत आणि आसपासच्या तलावांवर गळ टाकण्याची मला जुनी सवय आहे. खाऱ्या पाण्याचा अनुभव मात्र जवळजवळ नाही. पौषात दोघे मित्र मिळून कोकणात उतरण्याचा विचार आहे. यूट्यूबवर परदेशी मंडळी सांगतात, की हिवाळ्यात पाणी गारठले की मासा खोल जातो, मंदावतो, म्हणून खोल पाणी शोधावे, आमिष अगदी सावकाश ओढावे आणि दुपारच्या उन्हातच बसावे. हे आपल्या किनाऱ्याला लागू पडते का? बोट करणार नाही, खडकावरून किंवा खाडीच्या मुखाशी उभे राहूनच गरवणार आहोत. विजयदुर्ग, आचरा आणि देवबाग ही तीन ठिकाणे मनात आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खाडीकर (आचरा)

दादा, तो सल्ला ज्या समुद्रासाठी दिलेला आहे तिथे तो खराच आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात पट्टेरी बास मासा दक्षिणेकडे सरकतो, नॉर्वेत लोफोतेन बेटांपाशी जानेवारी ते एप्रिल या काळात कॉड अंडी घालायला येतो आणि लोक बर्फात उभे राहून तो पकडतात. आपल्याकडे मात्र कोल्हापुरात पहाटे हुडहुडी भरत असली तरी कोकणालगतच्या समुद्राचे पाणी जानेवारीतही साधारण 26 ते 28 अंशांवर असते. त्यामुळे इथल्या हिवाळ्यात पाण्याच्या गारव्यापेक्षा तीन गोष्टी अधिक मोजाव्या लागतात: वारा, भरती आणि पाण्याचा नितळपणा.

यातला नितळपणा नवख्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. पावसाळ्यातला गाळ तोवर खाली बसलेला असतो आणि खडकालगत पुरुषभर खोलीचा तळही दिसू शकतो. म्हणजे माशालाही तुमचा जाड तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) आणि खडकावर पडलेली तुमची सावली दिसते. तलावावर चालणारी जाड दोरी इथे चालत नाही. गरीजवळचा हातभर तुकडा फ्लुरोकार्बन नावाच्या पारदर्शक दोरीचा लावा, कारण त्याचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याचे माप) सुमारे 1.42 म्हणजे पाण्याच्या 1.33 ला नायलॉनपेक्षा जवळचा असतो आणि तो पाण्यात कमी उठून दिसतो. दोरीला वजन म्हणून बांधायचे शिसे जेवढे हलके ठेवता येईल तेवढे ठेवा. जिवंत कोळंबी लावणार असाल तर तिच्या डोक्यात कवचातून जो काळपट ठिपका दिसतो तो टाळून, त्याच्या पुढे, शिंगाच्या मुळाशी गरी आडवी घाला. ठिपक्यातून गरी गेली की कोळंबी तत्काळ मरते. पुढून घातली तर ती बराच वेळ पाय हलवत राहते, आणि नितळ पाण्यात तांबोशी माशाला तीच हालचाल खेचून आणते.

वाऱ्याचे गणित सोपे आहे. पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, त्या वेळी पाणी शांत असते आणि गळही लांब जातो. दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा सुटला की खडकावर लाटा फुटू लागतात आणि दोरीला पोट पडते. म्हणून ‘दुपारी बसा’ हा सल्ला आपल्याकडे उलटा लागू होतो.

घाटपायथा (तळेरे)

खाडीकरांच्या म्हणण्याला एक पुरवणी जोडतो. खुल्या समुद्राबद्दल ते म्हणतात ते बरोबर आहे, परंतु खाडीच्या आतल्या उथळ भागात पाणी रात्री बरेच निवते आणि चोणक, म्हणजे रायगडकडचा जिताडा, हा उबदार पाण्याचा मासा असल्याने पौषाच्या पहाटे तिथे तो आमिषाकडे ढुंकूनही पाहत नाही. तो सावकाश ओढण्याचा सल्ला इथे मात्र उपयोगी पडतो. चोणकच हवा असेल तर सकाळचे ऊन वर आल्यावर, भरतीचे पाणी आत शिरत असताना विजयदुर्गजवळच्या वाघोटनच्या खाडीत प्रयत्न करा. मुडदुशी या छोट्या माशासाठी एवढा खटाटोप लागत नाही, वाळूवर बारीक गरी आणि कोळंबीचा तुकडा पुरतो.

मालवणकडे वळणार असाल तर सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा काही समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्यात आहे, तेव्हा कुठे उभे राहता येईल हे स्थानिकांना विचारूनच गळ टाकावा.

पंचांगवाला (कोल्हापूर)

तारीख ठरवण्याआधी तिथी बघा. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची ढोबळ वेळ मिळते, उदाहरणार्थ द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ. हा हिशेब मुंबईचा आहे. मालवण-देवगडकडे सुमारे तासभर आधी धरावे, म्हणजे आठ. एकादशी-द्वादशीला गेलात तर उजाडताना चढत्या पाण्याचे शेवटचे दोन तास तुम्हाला मिळतात, मतलई वाराही असतो आणि उधाणाइतकी ओढही नसते.

अमावास्या-पौर्णिमेला रात्री खडकावर बसू नका. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर मध्यरात्रीची भरती दुपारच्या भरतीपेक्षा मोठी असते, त्यामुळे दुपारी कोरडा राहिलेला खडक रात्रीही कोरडा राहील असे गृहीत धरता येत नाही. कपड्यांचे म्हणाल तर जीन्स नको. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेते, आणि भिजलेल्या जीन्सवर पहाटेचा वारा लागला की कोकणातसुद्धा दात वाजतात. लवकर वाळणारी विजार, वारा अडवणारे जाकीट आणि कोरडा जोड पिशवीत ठेवा. गगनबावड्याच्या घाटात पहाटे धुके असते, म्हणून आदल्या संध्याकाळीच उतरलेले बरे. (तांबडा-पांढरा रिचवून गाडी चालवायला बसू नये, हा आगाऊ सल्ला फुकट.)

रंकाळाकाठ (कोल्हापूर)

सर्वांचे मनापासून आभार. द्वादशी आणि विजयदुर्ग नक्की केले. एकच शंका उरली आहे. तिकडे गळ वारंवार तुटून येतो आणि दोरी कात्रीने कापल्यासारखी दिसते, असे एका परिचिताने सांगितले. हे खडकामुळे होते का?

खाडीकर (आचरा)

खडकावर घासलेली दोरी आधी खरबरीत होते आणि मग तुटते. कापल्यासारखा सरळ तुकडा पडला असेल तर तो बहुधा केंड माशाचा प्रताप आहे. त्याच्या चोचीसारख्या दातांपुढे फ्लुरोकार्बनही टिकत नाही. असे दोनदा झाले की जागा बदला. तो गळाला लागलाच तर अंग फुगवतो, त्याला हाताने न धरता चिमट्याने गरी सोडवून पाण्यात परत टाका. घरी मुळीच नेऊ नका, त्याचे विष शिजवल्याने जात नाही. आणि परतल्यावर रील गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुऊन सावलीत वाळवा, नाहीतर पुढच्या खेपेपर्यंत मुठीत मीठ करकरू लागेल.