रस्त्यावरच्या रहदारीची मोजणी कोणत्या महिन्यात करता तेही बघा
वर कोणीतरी म्हटलंय की रस्त्यावर मशीन लावलं की सायकलींचा खरा आकडा मिळेल. मान्य, पण कोणत्या महिन्यात लावता त्यावर सगळं आहे. आमच्या फाट्यावर मोजणी झाली ती मे महिन्यात, दोन पोरं टपरीच्या सावलीत कागदावर रेघा मारत बसली होती, दहा ते पाच. शाळा बंद, वावरं रिकामी, रस्त्यावर चिटपाखरू नाही. एरवी ज्या पोरी घोळक्याने सायकलीवर शाळेत जातात आणि कापूस वेचायला ज्या बाया उजाडायच्या आत डबा घेऊन पायी निघतात, त्यातली एकही त्या कागदावर आली नाही, फार वाईट वाटलं.

रस्त्यांचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या रहदारी मोजणीच्या नियमपुस्तिकेत, आयआरसी 9 मध्ये, गावाकडच्या रस्त्यांसाठी स्पष्ट आहे, वर्षातून दोनदा, सलग 7 दिवस, 24 तास मोजा आणि त्यातली एक मोजणी सुगीत करा. शिवाय गाड्यांचं मग 'पीसीयू'त, म्हणजे एक गाडी किती कारच्या बरोबरीची या मापात, रूपांतर करतात, कार 1, सायकल 0.5, बैलबंडी 8, पायी चालणाऱ्याला त्यात जागाच नाही. म्हणून पायी जाणाऱ्यांची मोजणी वेगळी मागा, डिसेंबरात, पहाटे 5 पासून.