बाई अध्यक्ष झाल्या, तरी फलकावर ‘चेअरमन’च?

गोदाकाठचा वाटसरू (धागाकर्ता)
गंगापूर रोडवरील आमच्या सोसायटीच्या अध्यक्षपदी प्रथमच एका महिलेची निवड झाली आणि रंगाऱ्याने फलकावर त्यांच्या नावापुढे नेहमीप्रमाणे ‘चेअरमन’ रंगवले. ज्या शब्दाच्या शेपटाला ‘मॅन’ आहे तो बाईंना लावणे इंग्रजीच्या दृष्टीनेही आता जुनाट ठरते, अशी हरकत मी सभेत घेतली. क्रिकेटचे नियम सांभाळणाऱ्या एमसीसीने २०२१ मध्ये ‘बॅट्समन’ काढून ‘बॅटर’ स्वीकारला. मग आपल्याला ‘चेअरपर्सन’ का जड जावे? सभेत हशा पिकला, म्हणून इथे विचारतो.

पंचवटीकर
हसणाऱ्यांत मीही असतो. पतसंस्थेपासून गावच्या विकास सोसायटीपर्यंत ‘चेअरमन’ हा शब्द इतका मुरला आहे की त्यातला ‘मॅन’ कोणाच्या कानांवर पडतच नाही. बस ‘ती’, ट्रक ‘तो’ आणि टेबल ‘ते’ हे आपण इंग्रजीला विचारून ठरवले नव्हते. ‘चेअरमन आल्या’ म्हटले की क्रियापदच सारे सांगते. विलायतेतल्या दुरुस्त्या इथे कशाला?

सातपूरची वकील
‘मॅन’ कानांवर पडत नाही, हे मला पटत नाही. दवाखान्यात पुरुष परिचारक दिसू लागले तेव्हा ‘सिस्टर हा आता मराठी शब्द आहे’ असे म्हणून कोणी त्यांना सिस्टर म्हटले नाही. त्यांच्यासाठी ‘ब्रदर’ ताबडतोब रूढ झाला. पुरुषाला बाईचे नाव चिकटले की ते लगेच टोचते, उलट झाले की मात्र शब्द ‘मुरलेला’ असतो!
तरीही मला ‘चेअरपर्सन’ नको आणि ‘अध्यक्षा’ही नको. आमच्या आजीच्या तोंडी ‘डॉक्टरीणबाई’ म्हणजे बहुधा डॉक्टरांची बायको असे, आणि पाटलीण तर पाटलांची बायकोच. मी सनद घेतली तेव्हा शेजारच्या काकू कौतुकाने ‘वकिलीणबाई’ म्हणू लागल्या, तेव्हा मी त्यांना नम्रपणे सांगितले की मी वकील आहे. प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या तेव्हाही ‘पती’ या शब्दावर खल झाला, पण पदाचे नाव तेच राहिले आणि ‘राष्ट्रपती आल्या’ आता कोणालाही खटकत नाही. ‘अध्यक्ष’ पुरेसा आहे.

इंग्रजीचा मास्तर
इंग्रजीपुरते सांगतो. ‘एव्हरी स्टुडंट मस्ट ब्रिंग हिज बुक’ हेच शुद्ध असे आम्ही वर्षानुवर्षे शिकवले आणि वर्गातल्या मुलींना त्या ‘हिज’मध्ये गृहीत धरले. वास्तविक एकाच व्यक्तीसाठी ‘देअर’ वापरण्याची रीत इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आढळते. मराठी माणसाला तर ती परकी वाटूच नये, कारण ‘साहेबांना सांगा’ आणि ‘बाईंना सांगा’ या दोन्हींच्या जागी आपण ‘त्यांना सांगा’ म्हणतो, तेव्हा एकाच व्यक्तीसाठी अनेकवचन वापरतो आणि लिंगही कळत नाही.

गोदाकाठचा वाटसरू
एवढी चर्चा झाली, पण बाईंना मी विचारलेच नव्हते, आज विचारले. त्यांनाही ‘अध्यक्ष’च हवे आहे. माझा ‘चेअरपर्सन’ मी मागे घेतो.

पंचवटीकर
‘ब्रदर’चा मुद्दा मान्य. फलक खुशाल बदला. जिन्यातून हाक मात्र ‘चेअरमन मॅडम, पाणी गेलंय’ अशीच येणार आहे.