शब्दचर्चा : पॅपिलेडीमा, म्हणजे पापणीची सूज?

प्रश्न : भाचीच्या रिपोर्टवर 'दोन्ही डोळ्यांत पॅपिलेडीमा' असं लिहून आलंय. ताईने त्याचा अर्थ पापणीची सूज असा लावला आणि दोन दिवस तिच्या डोळ्यांवर थंड दुधाच्या घड्या ठेवतेय. पापण्या तर चांगल्या दिसतात. नेमका अर्थ काय? मराठीत काय म्हणावं?

उत्तर : आधी घड्या थांबवा आणि तिला आजच डॉक्टरांकडे न्या. मेंदूचा एमआरआय सांगितला असेल तर पुढे ढकलू नका. ही घाई त्या शब्दातच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पापणीशी याचा संबंध नाही, फक्त कानाला तसं वाटतं. 'पॅपिला' लॅटिन आहे : स्तनाग्र, किंवा तसा बारीक उंचवटा. डोळ्याची नस जिथून सुरू होते, तिथे आतल्या पडद्यावर एक फिकट गोल चकती दिसते. तिला हे नाव पडलं, पण निरोगी डोळ्यात ती उंच नसतेच, उलट मध्ये खळगा असतो. 'एडीमा' ग्रीक, अर्थ सूज. ग्रीक कथेतला राजा ईडिपस म्हणजे 'सुजलेल्या पायांचा', तोही याच धातूतला.

व्युत्पत्ती एवढंच सांगते. वापरात मात्र अर्थ नेमका झालाय. चकती इतर कारणांनीही सुजते, पण कवटीतला दाब वाढून सुजली तरच पॅपिलेडीमा म्हणायचं. मेंदूभोवतीचं आवरण आणि त्यातलं पाणी या नसेभोवती थेट डोळ्यापर्यंत आलेलं असतं. तिथला दाब वाढला की नसेच्या तंतूंमधून सतत वाहणारा द्रव पुढे सरकत नाही, चकतीपाशी तुंबतो. दाब वाढण्यामागे गाठ, मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी, मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग असं काहीही असू शकतं. तरुण, वजन वाढलेल्या मुलींमध्ये कधी स्कॅनमध्ये काहीच सापडत नाही, तरी दाब असतो.

'तुंबणे' हे क्रियापद मी मुद्दाम वापरलं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1851 मध्ये डोळ्यात आत बघायचं उपकरण जगापुढे ठेवलं आणि 1860 मध्ये जर्मन नेत्रवैद्य ग्रेफने या सुजेचं वर्णन केलं. तिला मिळालेल्या जर्मन नावात तुंबाऱ्याचाच अर्थ आहे. पॅपिलेडीमा हा शब्द नंतरचा, 1908 मध्ये इंग्रज नेत्रवैद्य पार्सन्सने वापरलेला. पुढे मोरी बुजली की मागे पाणी तुंबतं, हे आपल्याकडे कुणाला समजवावं लागत नाही. मला तरी जुनं नावच जास्त बोलकं वाटतं.

प्रश्न : मग 'नेत्रबिंबशोथ' चालेल?

उत्तर : नेत्रबिंब, म्हणजे ती चकती, चालेल. शोथ नको. आयुर्वेदात शोथ, शोफ, श्वयथु जवळपास एकाच अर्थाने येतात, पण आज शोथ म्हटलं की दाह डोळ्यापुढे येतो. नसेचा दाह हा वेगळा आजार : त्यात बहुधा एकाच डोळ्याची नजर भराभर उतरते आणि डोळा हलवला की दुखतो. पॅपिलेडीमात सुरुवातीला तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येते, आणि तिथेच घरचे फसतात. म्हणून लेखात 'नेत्रबिंबशोफ' लिहा. घरी सांगताना 'डोक्यातला दाब वाढून डोळ्याच्या नसेच्या तोंडाशी आलेली सूज' म्हणा. लांब आहे, पण 'डोक्यातला' हा शब्द गाळू नका. नुसतं 'दाब' म्हटलं तर लोक बीपी समजतात, 'डोळ्यातला दाब' म्हटलं तर काचबिंदू. काचबिंदूत खळगा खोल होत जातो. इथे मागून दाब येऊन तो भरून वर येतो.

प्रश्न : आम्ही निघतोय. ती म्हणते, वाकून बादली उचलली की अंधारी येते, आणि रात्री कानात ठोक्याठोक्याला घूंघूं होतं. हे सांगायचं का?

उत्तर : दोन्ही सांगा. फक्त 'अंधारी येते' एवढंच म्हणू नका. आपल्याकडे अशक्तपणालाही अंधारी, चक्करलाही अंधारी. 'वाकल्यावर किंवा उठल्यावर, एका डोळ्याला की दोन्ही, किती सेकंद, आणि मग पुन्हा पहिल्यासारखं लख्ख दिसतं का' असं मोजून सांगा. सकाळी उठल्यावर डोकं जास्त दुखतं का, तेही तिलाच विचारून घ्या, ताईंना नको.