स्किझोफ्रेनियाचा रुग्ण गावातल्या कार्यकर्त्यांवर सोपवायचा का?

कृष्णाकाठ:
भाऊ चौदा वर्षं स्किझोफ्रेनियाने आजारी आहे, म्हणून लिहितोय. परवा शिबिरात एक वक्ते म्हणाले, मानसोपचारतज्ज्ञ पुरणार नाहीत, गावातल्याच मुलामुलींना शिकवा आणि काळजी त्यांच्या हाती द्या. दाखला गोव्याचा. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांबरोबर सहा ते आठ बैठका केल्या. तीन महिन्यांनी ६४ टक्के जण त्यातून बाहेर आले होते. या बैठका न मिळालेल्यांत ३९. काम उत्तमच, पण ते नैराश्यावरचं! रेडिओतून आपल्यालाच शिव्या देतात असं ज्याला ऐकू येतं, त्याचं आठ बैठकांनी काय होणार?

स्किझोफ्रेनियावरही असा अभ्यास झालाय. सातारा, गोवा आणि तमिळनाडूतले २८२ रुग्ण, २०१४ साली छापून आला. कार्यकर्त्यांनी वर्षभर घरी जाऊनही लक्षणांत फरक पडला तो थोडाच. शिवाय कार्यकर्ते ज्यांच्याकडे गेले आणि ज्यांच्याकडे गेले नाहीत, त्या दोन्ही गटांचे डॉक्टरी उपचार चालूच होते, हे शिबिरात कुणी सांगितलं नाही. आधी तालुक्याला डॉक्टर द्या.

ओसरी:
डॉक्टर आम्हाला होतेच की. एसटीने दोन तास, रांगेत तीन, आत चार मिनिटं. गोळ्यांनी जीभ जड होते, लाळ गळते म्हणून मुलगी त्या गादीखाली लपवायची. गादी उन्हात टाकली तेव्हा मला कळलं, तोवर दोन महिने गेले होते. मी ओरडले, तशी ती माझ्याशी बोलेनाशी झाली. नंतर घरी येणारी, अशीच शिकवलेली कार्यकर्ती ताई मिळाली. लाळेचं तिला मुलीने तिसऱ्याच भेटीत आपणहून सांगितलं. ताईने डॉक्टरांना फोन केला, गोळी बदलली. आता ती रोज आंघोळ करते, दुकानातून दूध आणते. याला थोडाच फरक म्हणायचं तर म्हणा, आमचं घर त्यावर चाललंय.

पारावरून:
दोघंही घरोघर फिरणाऱ्या बाईला विसरताय. माझी आई आशा आहे. गरोदर बायका, लसीकरण, क्षयरोगाच्या गोळ्या, एकामागून एक सर्वेक्षणं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत प्रयोग झाला, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणारे सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले, मान्य. पण तिथे त्याच कामासाठी माणसं तयार केली होती. सरकार मात्र आईच्या वहीत आणखी एक रकाना वाढवेल, एवढंच.

कृष्णाकाठ:
गादीचं वाचून थांबलो. भाऊ गोळी जिभेखाली धरून गोठ्यात थुंकायचा, आणि आम्ही वर्षभर डॉक्टरांनाच बोल लावला. पारावरून, तुमचंही बरोबर. वेगळा माणूस आणि वेगळा पगार हवाच. पण आजार पुन्हा उफाळतो त्या रात्री ताई काय करणार? आम्ही त्याला दोरीने बांधून जीपने नेलं होतं. त्याच्या मनगटावर अजून वण आहे.

ओसरी:
बांधणारे घरचेच असतात, दादा, आणि ते दुष्ट नसतात, थकलेले असतात. २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीत मनोरुग्णांच्या आश्रमाला लागलेल्या आगीत साखळदंडात २८ जण गेले, ते वाचलं तेव्हा मी रात्रभर जागी होते. मागच्या श्रावणात मुलीची झोप उडाली, खिडक्यांना कागद चिकटवायला लागली. मला वाटलं, डासांसाठी असेल. ताईने तिसऱ्या दिवशी ओळखलं आणि त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडून डोस वाढवून घेतला. आम्हाला जीप लागलीच नाही.