विधानसभेला अपक्ष फॉर्म भरायचाय: सूचक, अनामत, चिन्ह, खर्च

शिवारकर:
येत्या विधानसभेला काका अपक्ष उभे राहणार, हे आता नक्की झालंय. काही गोष्टी जाणकारांकडून पक्क्या करून घ्यायच्या आहेत. त्यांचं नाव शेजारच्या मतदारसंघाच्या यादीत आहे, ते चालतं का? दहा सूचकांपैकी (अर्जावर उमेदवाराचं नाव सुचवून सही करणारे मतदार) दोघे अंगठा उठवणारे आहेत, काही अडचण? अनामत किती आणि कधी परत मिळते? चिन्ह मागू ते मिळतं का? वकील म्हणतात एक फॉर्म पुरे, कार्यकर्ते म्हणतात चार भरा.

छाननी_टेबल:
कार्यकर्त्यांचं ऐका. एका मतदारसंघात चार नामनिर्देशनपत्रं भरता येतात आणि चारही मिळून अनामत एकदाच लागते: 10,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 5,000. पण चारही संचांवर तेच दहा सूचक घेतले तर चार भरून उपयोग शून्य. प्रत्येक संचाला वेगळे दहा जण घ्या, म्हणजे एखाद्याचा घोळ निघाला तरी दुसरा संच उभा राहतो. एक वैध ठरला की काम झालं.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा, आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. नमुना 2ब मध्ये (हाच नामनिर्देशनपत्राचा फॉर्म) प्रत्येकाचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहावा लागतो. चूक हमखास इथेच होते. लोक जुन्या यादीवरून किंवा घरात पडलेल्या मतदार चिठ्ठीवरून आकडे उतरवतात, आणि मध्यंतरी केंद्रांची फेररचना होऊन भाग क्रमांक बदललेला असतो. ताजी अंतिम यादी आणि तिची पुरवणी समोर ठेवूनच भरा. किरकोळ लेखनदोषावर अर्ज बाद करू नये असं कायदा सांगतो, पण सूचक त्या मतदारसंघाचा मतदारच नसेल तर कुणी वाचवू शकत नाही.

अंगठा चालतो, मात्र तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर उठवून साक्षांकित झाला पाहिजे. घरी शाईच्या पॅडवर उठवून आणलेला अंगठा म्हणजे सही नाही, मग दहाचे आठच उरतात. त्या दोघांना सोबत न्या, नाहीतर सही करणारे दुसरे दोघे शोधा. दुसरा मार्ग सोपा.

सूचक फुटणारे नकोत. 2024 ला सुरत लोकसभेत काँग्रेस उमेदवाराच्या सूचकांनी ‘या सह्या आमच्या नाहीत’ असं शपथेवर सांगितलं, अर्ज बाद झाला आणि पुढे तिथली निवडणूक बिनविरोध झाली.

काकांचं नाव शेजारच्या मतदारसंघात असलं तरी चालतं, राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाचा मतदार असला की पुरे. वय 25 पूर्ण हवं. फक्त त्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडायची, ती तिथल्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडून घ्यायची. संकेतस्थळावरून काढलेली प्रिंट प्रमाणित धरत नाहीत.

नमुना२६:
शपथपत्राचं कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. नमुना 26 मध्ये एकही रकाना कोरा सोडायचा नाही. जिथे काही नाही तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. रेघ मारू नका, ‘वरीलप्रमाणे’ही नको. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार कोऱ्या रकान्यांबद्दल अधिकारी आधी नोटीस देतो, तरीही भरून दिलं नाही तर अर्ज बाद. पती-पत्नी आणि अवलंबितांची माहितीही लागते, पाच वर्षांच्या आयकर विवरणपत्रातल्या उत्पन्नासह. सुधारित शपथपत्र छाननी सुरू होण्याआधीच द्यावं लागतं, म्हणून शेवटच्या दिवशी फॉर्म भरायला जाणं मूर्खपणाचं. वेळ 11 ते 3, सुट्टीच्या दिवशी बंद. अर्ज उमेदवाराने स्वतः किंवा सूचकानेच द्यायचा, वकिलाच्या हाती पाठवलेला घेत नाहीत.

आणि राज्यघटनेशी निष्ठेची शपथ! अर्ज दिल्यावर लगेच तिथेच घ्या. छाननीच्या दिवशी सकाळी घेतलेली चालत नाही, आदल्या दिवशीच उरकलेली असावी लागते. मिरवणुकीच्या नादात हीच राहून जाते.

वहीखाते:
खर्चाचं. महाराष्ट्रात विधानसभेला मर्यादा 40 लाख (2022 पासून, गोव्यात 28 लाख). अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खातं उघडा. निवडणूक प्रतिनिधीसोबत संयुक्त चालतं, बायको-मुलासोबत नाही. रोजचा खर्च, रोख आणि बँक अशा तीन नोंदी ठेवाव्या लागतात आणि प्रचारकाळात त्या तीनदा तपासायला न्याव्या लागतात. चहा, वडापाव, खुर्ची, मंडप यांचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवून देतात. मंडपवाल्याने ओळखीत फुकट दिलं तरी त्या दराने खर्चात धरतात. पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव हवंच.

निकालानंतर 30 दिवसांत हिशोब द्यायचा, पडलेल्यानेही. ‘पडलोय, आता कसला हिशोब’ म्हणणाऱ्यांवर तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते.

अनामत: परत मिळायला झालेल्या वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. वैध मतं 2,10,000 असतील तर 35,000 च्या वर. ‘नोटा’ त्यात धरत नाहीत.

छाननी_टेबल:
चिन्हाचं राहिलं. मुक्त चिन्हांच्या (कुठल्या पक्षासाठी राखीव नसलेल्या) यादीतून तीन पसंतीक्रमाने लिहायची. ध्यानात ठेवा, तुम्ही सगळ्यात आधी दिलेल्या अर्जातलीच पसंती धरतात, तो अर्ज पुढे बाद झाला तरी. म्हणून चिन्हाचा विचार पहिल्याच संचात पक्का हवा. नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त पक्षाने तेच मागितलं तर प्राधान्य त्याला. दोन अपक्षांत चिठ्ठी. वाटप माघारीची मुदत संपल्यावर होतं, तोवर बॅनर छापू नका. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला लांबून ओळखू येईल अशी वस्तू मागा, चार्जर-राउटर नको.

मतपत्रिकेवर आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग इतर नोंदणीकृत पक्ष आणि शेवटी अपक्ष. प्रत्येक गटात नावाच्या वर्णानुक्रमाने. एका यंत्रावर 16 बटणं असतात, त्यामुळे उमेदवार जास्त झाले तर काका दुसऱ्या यंत्रावर जातील. प्रचारात ‘दुसरं मशीन, अमुक नंबर’ हे घोकून घ्यावं लागेल.

शिवारकर:
सगळ्यांचे आभार. निवडून आले तर नंतर पक्षात जाता येतं का? कार्यकर्ते आत्ताच विचारतायत.

वहीखाते:
पाठिंबा कुणालाही देता येतो. पण अपक्ष म्हणून निवडून येऊन पक्षात प्रवेश केला तर दहाव्या अनुसूचीखाली (पक्षांतरबंदी) आमदारकी जाते. 1995 ला राज्यात 45 अपक्ष आले होते, तेव्हा पाठिंब्याला भाव होता. 2024 ला 288 पैकी दोनच आले, जुन्नर आणि चंदगड. कार्यकर्त्यांना आधी चाळीस सूचक गोळा करायला लावा.