इतक्या गारठ्यात तारा कसा काय पेटतो?

कासरोड_सातारा:
परवा रात्री दीडच्या सुमाराला यवतेश्वरच्या पुढं गाडी बाजूला घेऊन लाइट बंद करून बसलेलो, दक्षिणेला वृश्चिक चांगला वर आलेला आणि आकाशगंगेच्या पट्ट्यात मधेच काळे डाग. भाची म्हणाली मामा तिथं भोक पडलंय का? मी सांगितलं की धूळ आणि गॅस आहे, त्यातनंच नवे तारे होतात. घरी येऊन वाचलं तर तिथलं टेम्परेचर उणे 263 अंश सेल्सिअस! मग तारा पेटतो कसा? तिला नीट सांगायचंय.

हरिपूरकर:
गार आहे म्हणूनच तर होतो. गॅस गरम असला की बाहेर ढकलतो, स्वतःच्या वजनानं आत बसतच नाही. गार पडला की तो रेटा कमी होतो आणि गुरुत्वाकर्षण जिंकतं. दाबला की तापायला पाहिजे, पण सुरुवातीला धूळ आणि कार्बन मोनॉक्साइड ती उष्णता बाहेर सोडत राहतात म्हणून ढग गारच राहून कोसळत जातो. पुढं गाभा इतका दाट होतो की उष्णता आत अडकते, तिथनं खरं तापणं सुरू. हायड्रोजन जळायला (म्हणजे त्याचे अणू जुळून हेलियम व्हायला) मात्र एक कोटी अंश लागतात, सूर्याएवढ्या ताऱ्याला तिथपर्यंत जायला काही कोटी वर्षं.

रात्रपाळी_मिरज:
बरोबर, फक्त डोळ्यानं दिसतात ते मोठे ढग. धूळ-गॅसच्या छोट्या काळ्या गोळ्यांना बॉक ग्लोब्यूल म्हणतात. बार्ट बॉक आणि एडिथ रायली या खगोलशास्त्रज्ञांनी 1947 ला मांडलेलं की यात तारे जन्मत असणार, पण धुळीमुळं आतलं दिसेना, धुळीतनं आरपार येणाऱ्या इन्फ्रारेड किरणांनी 1990 ला पक्कं झालं. सगळ्यात होतातच असं नाही हं. बार्नार्ड 68 नावाच्या अशाच एका गोळ्यामधे सूर्याच्या दुप्पट माल आहे, रुंदी साधारण अर्धं प्रकाशवर्ष, आणि आत अजून एकही तारा नाही. बार्नार्ड 335 या दुसऱ्या गोळ्यामधे मात्र एकटा बाळतारा आहे, भोवती गॅस अजून आत पडतोय आणि दोन बाजूंनी झोत बाहेर निघतायत, मला तर हे वाचूनच काटा आला.

कासरोड_सातारा:
भारी दादा! हे 335 कुठं शोधायचं?

रात्रपाळी_मिरज:
गरुड तारकासमूहात. श्रवण ताऱ्यापासनं पश्चिमेला, हात लांब करून दोन बोटं धरा, तेवढ्यावर. ढग दिसणार नाही, पण जागा दाखवा तिला.