दोन्ही अक्षरांचा उच्चार 'रन'च, मग अर्थ वेगळा कसा?

जकार्डवाला_सोलापूर: घरचा माग आहे आमचा, टॉवेल नि वॉल हँगिंग करतो. एका गिऱ्हाईकानं ब्रशनं लिहिलेली चार चिनी अक्षरं फोटो काढून पाठवलीत, सद्गुणांची आहेत म्हणे, विणून पाहिजेत आणि खाली मराठीत अर्थ पण. त्यातल्या दोघांचा उच्चार त्यानं 'रन'च लिहिलाय, एक माणुसकी एक संयम. चूक आहे का? मागाला नक्षी सांगणारी भोकांची कार्डं एकदा पंच झाली की दुरुस्ती महागात पडते, म्हणून आधीच विचारतोय.

शाईची_दौत: चूक नाही हो, सूर वेगळा. माणुसकीच्या 'रन'ला आवाज वर चढतो, संयमाच्या 'रन'ला खाली दबतो. माणुसकीवालं चार फटकाऱ्यांचं, डावीकडं माणूस आणि उजवीकडं दोन आडव्या रेघा म्हणजे दोनचा आकडा. एकट्यानं माणुसकी कुणाला दाखवायची, दुसरा लागतोच की समोर. संयमवाल्यात खाली काळीज आणि वर सुरीची धार. आपण काळजावर दगड ठेवतो तसं, फक्त इथं सुरी आहे. त्या सुरीवरचा बारका ठिपका ग्राफवर सोडू नका, ठिपक्यामुळंच तर सुरीची 'धार' होते.

पूर्वभाग_पेठ: थोडं थांबा, धारेच्या अक्षराचा स्वतःचा उच्चारपण 'रन'च आहे, म्हणजे ते वर बसलंय ते आवाज दाखवायला सुद्धा. बरीचशी चिनी अक्षरं अशीच, एक भाग अर्थाचा एक आवाजाचा. आणि 'संयम' नको, 'सोसणं' लिहा असं माझं मत. क्रूर या अर्थाच्या चिनी शब्दातपण हेच अक्षर येतं, काळीज घट्ट करणं दोन्हीकडं आहेच ना.

जकार्डवाला_सोलापूर: 'सोसणं' पटलं. उरलेली दोन 'शिन' आणि 'यी'.

शाईची_दौत: शिन म्हणजे माणसाशेजारी बोलणं, दिलेला शब्द पाळणं, विश्वास. यी म्हणजे न्यायानं वागणं. त्याचं जुनं रूप १३ फटकाऱ्यांचं, वर मेंढी खाली 'मी', आणि चीनमधलं आताचं सोपं रूप फक्त ३ फटकाऱ्यांचं. फोटोत कुठलंय बघा, तेच विणा.

भैय्या_चौक: आपल्या डॉ. कोटणीसांचं तिकडचं नाव ख दीह्वा, त्यातलं शेवटचं 'ह्वा' म्हणजे चीन. १९३८ ला वैद्यकीय पथकातून गेले, भाषा शिकले, १९४२ ला तिथंच वारले, वय ३२. सोसणं आणि माणुसकी दोन्ही 'रन' या माणसात होते. चौकातल्या स्मारकात एकदा जाऊन या, मग मागावर बसा.

जकार्डवाला_सोलापूर: रविवारी पोरांना घेऊन जातो. फोटोत मेंढीवालंच आहे, मोजले, १३ भरले.